झाली बरोबरी

आई लग्न होऊन जाफराबादला आली ती स्वतःचा पक्ष माहेराहून घेऊनच. बाबांचा पक्ष नेमका विरोधी. तरी प्रत्येक निवडणुकीला दोघं एकाच सायकलवर मतदानाला जायची. कॅरियरवर घडी घातलेली गोधडी, तिच्यावर आई, वाटभर भांडण. परत आल्यावर बाबांच्या शाईच्या बोटाशेजारी आपलं बोट धरून ती म्हणायची, "खोडलं तुमचं मत. झाली बरोबरी. चहा ठेवते." आई गेल्यानंतरची ही पहिलीच निवडणूक. माझं नाव अजून माहेरच्याच यादीत, म्हणून आले, तर बाबा ओट्यावर बसलेले. "कशाला जायचं, बाई? यंदा माझं मत खोडायला कोन्ही न्हाई." गोधडी कॅरियरवर टाकून मी कडेवरच्या लेकीसकट बसलेच. त्यांनी पायडल मारलं. परतल्यावर त्यांच्या बोटाशेजारी माझं बोट धरलं. "मी आईच्या पक्षाला दिलं." "वाया घातलंस!" बाबा खुशीत ओरडले. "मंग, ठेव चहा."