क्रॉसिंगचा दोरा

वाटूरजवळच्या बियाण्याच्या प्लॉटवर आम्ही कपाशीचं क्रॉसिंग करतो. सकाळी नराचं फूल मादीच्या फुलावर घासायचं अन् देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा दिसला की कळतं, या फुलाचं झालं.

माझं मन एका जागी राहत न्हाई. खुशीत असले की नवऱ्याकडं, कल्याणकडं धावतं. उदास असले की शेजारच्या तासात, कपाशीच्या पुढच्या ओळीत, काम करणाऱ्या मीनाकडं. तिच्या मानेवरचा घाम दिसला तरी छाती भरून येते. हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई.

पण खुशीच्या दिवशी कल्याणच्या करंगळीला लाल दोरा असतो, उदास दिवशी मीनाच्या. कोण बांधतं, त्यांनाही ठाऊक न्हाई. कल्याण म्हणतो, "तूच बांधत असशील झोपेत." मीना दातानं तोडून टाकते.

पोळ्यापासून माझं मन नुसतं रिकामं आहे. खुशी न्हाई, उदासी न्हाई. आज दोघांचे हात बघितले. मोकळे होते. सुटल्यासारखं वाटलं.

"दैवशाला," मीना म्हणाली, "तुझ्या बोटाला कुणी बांधला गं?"

माझ्या करंगळीला दोरा होता. तोडायला तोंडाशी नेला, तर त्याचं टोकच सापडेना. झाडांच्या बुडातून तो लांब कपाशीत गेल्ता.

बाकीच्या बायांची जीप अजून यायची होती, प्लॉटवर आम्ही तिघंच. कल्याण माझ्या डाव्या अंगाला उभा होता, मीना उजव्या.

समोरून दोरा हळूच ताणला गेला.

अन् कितीतरी दिवसांनी माझी छाती भरून आली.