नाव घेतलं की

आजारपणानंतर बाबांना गेलेल्या आईचा, म्हणजे स्वतःच्या बायकोचा, चेहराच आठवेना. फोटो दाखवला, की परक्या बाईकडे पाहावं तसे पाहत आणि ओशाळून मान फिरवत.

एका दुपारी लेक त्यांच्या उशाशी बसून ऑफिसच्या दूरच्या सर्व्हरवरून, हजारो फायलींच्या कोठारातून, एका प्रोग्रामची जुनी फाईल मागवत होती.

"एवढं अख्खं कोठार उतरायला जन्म जाईल की गं!"

"अख्खं कशाला, बाबा? हवं त्याचं नाव घ्यायचं. तेवढंच येतं, बाकीचं तिथं सुखरूप."

"सुखरूप असतं ना?"

बाबांनी डोळे मिटले आणि जप करावा तसं आईचं नाव पुटपुटत राहिले. बराच वेळ गेला.

"आली?" तिनं हलकेच विचारलं.

"चपलांचा आवाज तेवढा आलाय. जिना चढतेय. बोलू नकोस, आता वळली की तोंड दिसेल."