लाटेला लागून खोली

आमच्या हिनं चाळीस वर्षं गावभराचे कपडे शिवले, पण समुद्र काही पाहिला नव्हता. “उतरायचं तर किनाऱ्याच्या आळीत, अगदी लाटेला लागून,” असं तिनं बजावलं होतं. मी घोळ घातला आणि खोली घेतली टेकडीवरच्या आळीत. चढताना पायरीगणिक माझा उद्धार झाला.

मालकीणबाईंनी खिडकी उघडली. शपथेवर सांगतो, समुद्र थेट आभाळापर्यंत उभा होता आणि त्यावर जहाज सुटलेल्या बटणाएवढं. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा कसा बसलाय ते पाहायला सरते, तशी ही एक पाऊल मागं सरली. मग आणखी एक. शेवटी पाठ भिंतीला टेकली.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “याहून लांबची खोली आहे का हो? अजून पुरता मावत नाहीये हा.”