सीलबंद पुस्तक

स्वतःच्या भयकथा पदरमोड करून छापणारा तो लेखक वर्तमानपत्राच्या कचेरीत समीक्षक बाईंसमोर बसला होता. "चांगलं झोडपलंत, बाई. पण अख्खं पुस्तक वाचलंत, हेच खूप झालं," असं म्हणून, हात जोडून तो गेला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचूनच त्यांनी परीक्षण ठोकून दिलं होतं.

त्यांनी खणातून पुस्तक काढलं आणि त्यावरचं प्लास्टिक पहिल्यांदाच फाडलं.

पानोपानी, समासात, पेन्सिलीने शेरे लिहिलेले होते. अक्षर त्यांचंच होतं.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "लाज वाटली, म्हणून आज उघडलं. आता मान वर करू नकोस."

समोरच्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "वाचा ना, बाई."