गसवरची बोली

“जुन्या संघाला सर्वांत मोठ्या बोलीइतकी रक्कम देऊन खेळाडू राखायचा हक्क द्यायला हवा,” ड्युएन म्हणाला आणि तळलेल्या माशाचा तुकडा त्यानं तोंडात कोंबला.

नॉर्बर्टला त्याच्याकडे बघवेना. यंदा ड्युएनच्या स्वतःच्या संघाचा क्वार्टरबॅक, चाली रचणारा मुख्य खेळाडू, बाजारात येत होता. हा हक्क कुणासाठी हवाय, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“नामंजूर,” तो म्हणाला.

ईस्टरआधीचा उपासाचा शुक्रवार होता. पोलिश क्लबच्या तळघरात मासे तळले जात होते आणि लांब टेबलाभोवती लीगमधल्या आठ संघांचे मालक बसले होते. त्यांच्या या अमेरिकन फुटबॉलला मैदान नव्हतं, चेंडू नव्हता. खेळाडू संगणकात जन्मायचे, तिथेच खेळायचे आणि तिथेच म्हातारे व्हायचे. बोलीचे डॉलरही संगणकातलेच. मालक मात्र खरे होते आणि त्यांची भांडणंही खरी. करार संपलेल्या खेळाडूंवरच्या बोलीत मागच्या वर्षी आतून साटंलोटं झालं आणि प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं. म्हणून नवे नियम करायचं काम नॉर्बर्टकडे आलं. तो गणिताचा निवृत्त मास्तर होता आणि त्याचा काटेकोरपणा साऱ्यांना ठाऊक होता.

यंदा बाजारात गस होता. मालकांपैकी कुणी वारला, की पुढच्या हंगामातल्या नव्या खेळाडूंत त्याचं नाव घालायचं, अशी लीगची रीत होती. गुण संगणक ठरवील ते. खरा गस दोन जिने चढला की धापा टाकायचा. संगणकानं त्याला लीगमधला सर्वांत दांडगा बचावपटू, लाइनबॅकर, करून टाकलं. त्याचा संघ आता त्याची बायको डोलोरेस चालवत होती, आणि तिनं नवऱ्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचललं होतं. सामना सुरू झाला की पडद्यावर ओळी सरकायच्या. ‘गसनं अडवलं’, ‘गसनं आडवा केला’. ती प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची.

आता त्याचा करार संपला होता. आणि ही माणसं, ज्यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला, तीच जिभल्या चाटत बसली होती. नॉर्बर्टला शिसारी आली.

“तळाच्या दोन संघांच्या बोलीला थोडं वजन द्या,” लायल चाचरत म्हणाला. “म्हणजे दहा लावले तर बारा धरायचे.”

लायलचा संघ शेवटून दुसरा होता. नॉर्बर्ट हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं.

“माझ्यासाठी कसली सवलत नको हं,” डोलोरेस चष्म्यावरून बघत म्हणाली. शेवटचा संघ तिचा होता. “विधवा म्हणून मला कुणी ताटात वाढायला नकोय. नियम सगळ्यांना सारखे.”

ड्युएननं लायलकडे पाहिलं. लायलनं आपल्या ताटलीकडे. चोरी पकडली गेली की माणसं अशीच बघतात, असं नॉर्बर्टला वाटलं.

कॉफी घेताना ड्युएननं त्याला गाठलं. “नॉर्ब, जरा ऐक ना. सगळंच नियमात नाही रे बसवता येत.”

“येतं. तुझ्यासारख्यांसाठी तर बसवावंच लागतं.”

“गाढव आहेस तू,” ड्युएन म्हणाला आणि निघून गेला.

नॉर्बर्टनं नियम लिहिले. बोली गुप्त. आपसात ठरवून कुणी बाजूला सरू नये म्हणून प्रत्येकानं प्रत्येक खेळाडूवर बोली लावलीच पाहिजे. लावलेली बोली मागे घेता येणार नाही. जिंकलेला खेळाडू हंगामभर दुसऱ्याला देता येणार नाही. आकडे सगळ्यांना एकदमच दिसतील, नॉर्बर्टलासुद्धा आधी नाही. खोट काढायला कुणाला जागा उरली नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी त्यानं स्वतःची बोली लावली. गस ड्युएनच्या तावडीत जाण्यापेक्षा आपल्याकडे बरा, असं त्यानं मनाला बजावलं. असा लाइनबॅकर नव्हता म्हणूनच मागची अंतिम लढत आपण हरलो, हे मनाला सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी पुन्हा तोच तेलकट वास, तेच टेबल. भिंतीवरच्या टीव्हीवर गसचं नाव आलं आणि खाली एकेक बोली उमटू लागली.

ड्युएन, एक डॉलर.

शून्यं टाकायला विसरला गाढव, असं नॉर्बर्टला वाटलं.

लायल, एक डॉलर.

मग आणखी चौघांची नावं आली. चौघांचाही एकेक डॉलर.

“मूर्ख कुठले,” डोलोरेस म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. “सगळेच्या सगळे मूर्ख.”

मग तिची बोली उमटली. एक कोटी ऐंशी लाख, म्हणजे तिच्या संघाच्या तिजोरीत होतं नव्हतं ते सगळं. कुणीतरी टाळी वाजवली.

शेवटची ओळ आली. नॉर्बर्ट, दोन कोटी दहा लाख.

ड्युएननं समोरची ताटली बाजूला सारली. तो शिवी देईल म्हणून नॉर्बर्टनं वाट पाहिली, पण त्यानं तेवढंही केलं नाही.

“मी मागे घेतो,” नॉर्बर्ट म्हणाला. त्याला स्वतःच्याच आवाजाची किळस आली. “किंवा... तिलाच देऊन टाकतो.”

“दोन्ही चालत नाही, नॉर्ब,” लायल हळूच म्हणाला. “तूच लिहिलंयस.”

डोलोरेसनं चष्मा काढून डबीत ठेवला आणि कोट घेतला. “अभिनंदन, नॉर्बर्ट. त्याच्या डाव्या गुडघ्याला जप. मागच्या हंगामात दुखावलाय.”

ती जिना चढून गेली. नॉर्बर्ट पडद्याकडे बघत राहिला. लायलचा हिशेब त्याच्या मास्तरी डोक्यानं न सांगता मांडला. दहाचे बारा धरले असते, तर एक कोटी ऐंशीचे दोन कोटी सोळा झाले असते.