अडीचशे मिलिलिटर

“एकक कुठंय? नुसता आकडा आलाय दारात, कुणाकडचा म्हणून आत घेऊ?”

बाबांचा हा आवाज तिने शाळकरी वयात ऐकला होता. बाबा गेले, आवाज राहिला. आता ती स्वतः रसायनशास्त्र शिकवत होती आणि वर्गात हाच प्रश्न त्याच पट्टीत विचारत होती. घरात मात्र तो विचारायची सोय उरली नव्हती. लेक आत्याकडून शिकत होती.

आत्या रंगांच्या कारखान्यातून सुटली की परस्पर इकडेच येई. खोलीचं दार अर्धं लोटलं जाई आणि आत हसणं सुरू होई. रसायनशास्त्रात एवढं हसण्यासारखं काय असतं, हे इतकी वर्षं शिकवूनही तिला कळलं नव्हतं.

आजही आत्या जात्यावरच्या सुरात गात होती,

“हजार गं बाई मिली, एका लिटराच्या पोटी,
भागायला विसरली, तिची उत्तरं सारी खोटी…”

“पोरखेळ नुसता,” ती पुटपुटली. हातातलं लाल पेन कधीपासून एकाच उत्तरावर थांबलं होतं.

पाणी प्यायचं निमित्त करून ती उठली, ती थेट दारापाशी. दोघी पालथ्या पडल्या होत्या, एकाच उशीवर कोपरं रोवून. समोर छोटा पांढरा फळा. अर्धा मोल मीठ, अडीचशे मिलिलिटर द्रावण. एका लिटरमागे मीठ किती मोल, ते काढायचं होतं. लेकीने अर्ध्याला सरळ अडीचशेने भागलं होतं. मिलिलिटरचं लिटर केलंच नव्हतं. उत्तर हजारपट लहान आलं होतं. आणि आत्या हनुवटीला हात लावून फळ्याकडे बघत नुसती गुणगुणत होती.

हिला दिसत नाहीये! तिच्या छातीत काहीतरी गोड टोचलं.

“दोन यायला हवं उत्तर,” ती दारातूनच म्हणाली. “आधी लिटर करून घ्यायचं असतं. एवढं साधं! तुमच्या कारखान्यात चालत असेल असं, परीक्षेत नाही चालत.”

गाणं तुटलं. आत्याने जीभ चावली. लेकीने उशीत तोंड खुपसलं.

“वहिनी, शोधतच होते हो मी. सापडला असता.”

“काय सापडला असता?”

“चोर,” लेक उशीतूनच बोलली. “प्रत्येक उदाहरणात मी मुद्दाम एक चूक दडवते. आत्याने ती पकडायची. तिचं गाणं संपेपर्यंत नाही सापडली, तर ती हरली. आज पहिल्यांदा हरणार होती ती, आई. तू सांगून टाकलंस.”

मग आत्या उठली. “चहा टाकते मी,” म्हणाली आणि जाता जाता वहिनीच्या दंडाला हलकेच हात लावून गेली.

लेक बोटाने फळा पुसू लागली. एकेक आकडा, सावकाश. ‘बोटाने पुसू नकोस’ हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

ती खाली बसली. उशीवर आत्याच्या कोपराचा खळगा अजून तसाच होता. तिथे आपलं कोपर टेकवायचा तिला धीर होईना.

“तुमचं हसणं ऐकू आलं ना,” ती म्हणाली, “की मला एक पेपर तपासवत नाही गं. जळते मी तिच्यावर.” मग हळूच, “माझ्यासाठीपण दडव ना एखादा चोर. मी लवकर नाही पकडणार.”