ओला पदर

मंगळवार पेठेतल्या घरात सासूबाईंचं तैलचित्र पुसताना रुचिताच्या फडक्याला हिरवा रंग लागला. १९९८ साल होतं. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि चित्रही तेव्हाचंच होतं.

दमट हवेनं झालं असेल, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी चित्रातला खांद्यावरचा हिरवा पदर ओला लागला आणि तिसऱ्या दिवशी कोपराजवळचा. रंगात कालवतात त्या जवसाच्या तेलाचा ताजा वास स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागला, तशी ती त्या खोलीतून अंग चोरून जाऊ लागली. शेवटी तिनं ते चित्र रंगवणाऱ्या दादासोंना बोलावून घेतलं.

दादासोंनी पदराला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं.

"रंग माझाच हाय, वैनी. पर आत्ताच लावल्यागत हाय की!"

"खरवडून काढा तो, काका. मला घरात एकटीला बसवत नाही."

दादासोंनी पिशवीतून रंग खरवडायची पातळ सुरी काढली आणि पदरावर टेकवली. सुरी रंगात शिरली ती पार मुठीपर्यंत.

"कापड फाटलं का काय?" रुचितानं चित्र भिंतीपासून पुढं ओढून मागं डोकावून पाहिलं. कापड धड होतं. सुरीचं टोक कुठूनही बाहेर आलं नव्हतं.

"वैनी," पलीकडून दादासोंचा बारीक आवाज आला, "म्या सुरी कवाच सोडलीया."

ती पुढं आली. दादासोंचे दोन्ही हात छातीशी होते. सुरी खाली पडली नव्हती. तिची लाकडी मूठ सावकाश त्या हिरव्या रंगात आत आत चालली होती.